वेल्सच्या डोंगर-धबधब्यांकडे पहिल्यांदा निघताना

कार्डिफ, स्वानसी, ब्रिस्टल या पट्ट्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी माणसाला पहिला मोकळा शनिवार मिळाला की डोंगर आठवतो. सह्याद्रीत भटकलेल्यांना वेल्सचे आकडे किरकोळच वाटतात. दक्षिण वेल्समधलं सगळ्यांत उंच शिखर पेन-अ-व्हान ८८६ मीटरचं, आणि आपली कळसूबाई १६४६ मीटरची. "अर्ध्या दिवसात उरकू," असं म्हणत लोक जीन्स आणि साधे बूट घालून निघतात. चढ सोपा आहे हे खरंच आहे. इथे दगा देते ती हवा, आणि तिच्या खालोखाल घड्याळ. राजमाची-लोहगडावर जुलैत भिजत फिरायची मजा वेगळी, कारण तो पाऊस कोमट असतो. इथला पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, आणि भिजलेला माणूस उन्हाळ्यातसुद्धा थंडीने गारठतो. एवढं डोक्यात पक्कं ठेवलं की बाकीचं नियोजन सोपं आहे.

आधी ठिकाण निवडा, पण एकच

एका दिवसात डोंगर, धबधबा आणि समुद्रकिनारा असा बेत करू नका. नकाशावर सगळं जवळ दिसतं, पण रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत. त्यात पार्किंग शोधण्यात तास जातो. पहिल्या तीन सहलींसाठी मी सांगेन तो क्रम असा: आधी उस्त्राडव्हेल्टेजवळचे धबधबे, मग पेन-अ-व्हान, मग गावर द्वीपकल्पावरचं रॉसिली हे समुद्रकाठचं गाव. पहिली दोन ठिकाणं एकाच राष्ट्रीय उद्यानात येतात. या उद्यानाला वर्षानुवर्षं ब्रेकन बीकन्स म्हणत. २०२३ पासून त्याने 'बॅनाय ब्रखाइन्योग' हे वेल्श नावच अधिकृतपणे वापरायला सुरुवात केली, त्यामुळे शोधताना दोन्ही नावं टाकून बघा.

धबधबे आधी का? कारण तिथली वाट बरीचशी झाडीतून जाते. वारा लागत नाही, आणि आभाळ भरलेलं असलं तरी दिवस वाया जात नाही. उलट दोन दिवस पाऊस पडून गेलेला असेल तर पाणी जोरात असतं. डोंगरमाथ्याचं गणित याच्या नेमकं उलट आहे.

आदल्या संध्याकाळी करायची कामं

मोबाइलवरचं नेहमीचं हवामान दाखवणारं ॲप गावाचा अंदाज देतं, डोंगराचा देत नाही. मेट ऑफिस, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, डोंगरांसाठी वेगळा अंदाज देतं, तो उघडा. त्यात पावसाच्या आधी वारा बघायचा. माथ्यावर झोत ताशी ४० मैलांच्या वर जाणार असतील तर शिखराचा बेत सरळ रद्द करा आणि धबधब्यांकडे वळा. मग ढग किती खाली येणार ते बघा. तापमान दर १५० मीटरला साधारण एका अंशाने उतरतं. म्हणजे गाडीतळावर १२ अंश असतील तर माथ्यावर ९ समजा, आणि वाऱ्यात अंगाला ते ३-४ अंशांसारखे लागतील.

दुसरं, सूर्यास्ताची वेळ. जूनअखेरीस इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, आणि डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडायला लागतो. भारतातून सप्टेंबरात आलेल्या विद्यार्थ्यांच्या हे लक्षातच येत नाही, कारण ऑक्टोबरअखेरीस घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ अचानक लवकर होते. हिवाळ्यात दुपारी दोन वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं, असा नियम आधीच ठरवून टाका. वर गेल्यावर ठरवायला बसलात की ग्रुपमधला एक जण "अजून पाचच मिनिटं" म्हणतोच.

तिसरं, नकाशा. दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज नसते, हे गृहीत धरूनच चाला. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा एक्सप्लोरर नकाशा घ्या. पेन-अ-व्हान आणि धबधबे या दोन्हींसाठी 'ओएल १२' क्रमांकाचा एकच नकाशा पुरतो. कागदी नकाशाबरोबर मोबाइलवर उतरवून घेण्याचा कोडही मिळतो. गुगल मॅप्सवर पायवाटा अर्धवट असतात. गाडीतळापर्यंत ठीक, त्यापुढे त्याच्या भरवशावर राहू नका. पार्किंगचं ॲप, बसचं तिकीट, हा नकाशा, सगळं घरच्या वायफायवर उतरवून ठेवा आणि कुठे जातोय, किती वाजेपर्यंत परतणार, ते एखाद्याला कळवा.

पिशवीत काय

सगळ्यांत आधी जीन्स घरी ठेवा. सुती कापड एकदा भिजलं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचून घेतं. पॉलिस्टरची साधी ट्रॅक पँट त्याहून कितीतरी बरी. टोपी शिवलेलं वॉटरप्रूफ जाकीट हवंच, आणि जाकिटावर 'शॉवरप्रूफ' लिहिलेलं असेल तर ते या कामाचं नाही. छत्री आणि प्लास्टिकचा पाँचो दोन्ही माथ्यावर निरुपयोगी. पाँचो तर वाऱ्यात तोंडावर येऊन वाट दिसेनाशी करतो. एक जास्तीचा फ्लीस, कानटोपी, हातमोजे आणि मोज्यांचा एक कोरडा जोड. ऑगस्टमध्येही.

कोरड्या उन्हाळी दिवशी चांगली पकड असलेले स्पोर्ट शूज चालतात. बाकी वर्षभर घोट्यापर्यंतचे बूट. सगळं नवं घ्यायची गरज नाही. इथल्या चॅरिटी शॉपमध्ये चांगली जाकिटं स्वस्तात मिळतात.

डोक्याला बांधायचा टॉर्च आणि शिट्टी या दोन वस्तू लहान आहेत, पण त्या वगळू नका. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, मग पुन्हा सहा. मदत हवी असल्याची ही इथली खूण आहे. उत्तर म्हणून तीन शिट्ट्या ऐकू येतात.

खायला दशम्या, ठेपले, शेंगदाण्याची चटणी, लाडू, जे घरात असेल ते. वाऱ्यात उघडून बसावं लागत नाही असं काहीतरी खिशातही ठेवा. थर्मासमध्ये चहा. पाणी मात्र थंडीतही माणशी दीड लिटर तरी घ्या. कडक उन्हाच्या दिवशी पेन-अ-व्हानच्या वाटेवर सावलीला एक झाड नाही. जुलै २०१३ मध्ये याच डोंगररांगेत लष्कराच्या निवडचाचणीत उष्म्यामुळे तीन जवान दगावले. वेल्समध्ये ऊन ते काय लागणार, असं समजू नका.

धबधब्यांची फेरी

गाडी असेल तर कूम पोर्थ किंवा ग्वाइन हेप्स्टे या दोन गाडीतळांपैकी एक धरा. शनिवार-रविवारी आणि बँक हॉलिडेला सकाळी नऊच्या आत पोचा. उशिरा आलेले लोक गाड्या रस्त्याकडेला गवतात घुसवतात, मग शेतकऱ्याचा ट्रॅक्टर अडतो आणि कधी रुग्णवाहिकाही. जागा नसेल तर परत फिरून पाँटनेथवेखन गावाकडून स्गूड ग्लॅडिस या धबधब्यापर्यंतची वाट करा. ती सपाट आहे, आणि लहान मुलं बरोबर असतील तर मी तीच आधी सुचवेन.

मुख्य फेरीत मेल्टे आणि हेप्स्टे या दोन नद्यांवरचे चार धबधबे येतात: स्गूड क्लीन-ग्विन, त्याच्या खालचा स्गूड इसाव्ह क्लीन-ग्विन, मग स्गूड अ पानूर आणि शेवटी स्गूड अर एइरा. साधारण आठ किलोमीटर, थांबत-थांबत चार तास. वरच्या बाजूची वाट रुंद आहे. प्रत्येक धबधब्याकडे उतरणाऱ्या फाट्यांवर मात्र ओली मुळं आणि घोटलेले दगड आहेत, तिथे घाई नको. स्गूड अर एइराकडे उतरायला लांबलचक पायऱ्या आहेत. उतरताना कळत नाही, चढताना गुडघे बोलतात. आई-वडील बरोबर असतील तर त्यांना हे आधी सांगा.

हा शेवटचा धबधबा सगळ्यांत गाजलेला, कारण याच्या पडद्यामागून चालत जाता येतं. वरचा थर कठीण वालुकाश्माचा आहे, त्याखाली शेल हा मऊ, थराथरांचा खडक. पाणी आणि तुषार खालचा थर झिजवत आत सरकतात, वरचा थर छपरासारखा पुढे राहतो, आणि मधे चालण्याजोगी कपार तयार होते. आत गेल्यावर समोर पाण्याची पांढरी भिंत, बाहेरची हिरवी झाडी तिच्यातून हलताना दिसते, आणि शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. कॅमेऱ्याच्या काचेवर दोन सेकंदांत थेंब बसतात, तेव्हा फोटो कपारीच्या तोंडाशीच काढून घ्या. हीच झीज अजून चालू आहे. अधूनमधून दगड सुटतात, आणि धोका असेल तेव्हा कपारीतली वाट बंद केली जाते. बंदीचा फलक किंवा कठडा दिसला तर समोरूनच बघून परता. नदीला पूर असेल तर फलक नसतानाही आत जाऊ नका.

धबधब्याखालच्या डोहात उड्या मारणारी पोरं दिसतील. त्यांच्या नादी लागू नका. पाणी मे महिन्यातही इतकं गार असतं की अंग पाण्यात पडताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पट्टीचा पोहणाराही गटांगळ्या खातो.

कूम पोर्थ गाडीतळाच्या खालीच पोर्थ अर ओगोव्ह ही गुहा आहे. तिचं तोंड वेल्समधल्या गुहांमध्ये सगळ्यांत मोठं. अख्खी मेल्टे नदी तिथे चुनखडकात शिरते आणि पुढे पुन्हा बाहेर येते. उन्हाळ्यात पाणी कमी असताना तोंडापर्यंत जाऊन बघावं. आत जाण्यासाठी माहीतगार माणूस आणि साधनं लागतात. नुसता मोबाइलचा टॉर्च घेऊन शिरू नये.

पेन-अ-व्हान

गाडी नसलेल्यांसाठी हे ठिकाण सोयीचं. कार्डिफहून रेल्वेने तासाभरात मर्थर टिडफिल, तिथून ब्रेकनकडे जाणारी टी ४ बस. ती ए ४७० रस्त्यावर स्टोरी आर्म्सला थांबते. नाव पबसारखं असलं तरी ते मैदानी शिक्षणाचं केंद्र आहे, जेवण मिळेल या आशेवर जाऊ नका. परतीच्या बसची वेळ सकाळीच लिहून ठेवा. रविवारी फेऱ्या कमी असतात. गाडीने गेलात तर जवळच पाँट आर डाव्हला नॅशनल ट्रस्टचा गाडीतळ आहे.

इथूनची वाट दगड बसवून पक्की केलेली आहे. जाऊन-येऊन साडेसहा किलोमीटरच्या आसपास, चढ साधारण साडेचारशे मीटरचा. सवय असेल तर तीन तासांत होतं. सुरुवातीला ओढा ओलांडायचा, मग एकसारखा चढ, मग बूल्ख डिविंट ही खिंड. आतापर्यंत डोंगराने वारा अडवलेला असतो, तो खिंडीत पोचताच एकदम अंगावर येतो. जाकीट, टोपी, हातमोजे खिंडीच्या शंभर पावलं आधी चढवा. वर पोचून पिशवी उघडलीत की वस्तू उडतात. खिंडीतून डावीकडे कॉर्न दी (८७३ मीटर), त्याच्या कुशीतून पुढे पेन-अ-व्हान. परतताना वारा नसेल तर कॉर्न दीच्या माथ्यावरून या.

माथा सपाट, टेबलासारखा आहे, आणि उत्तरेची बाजू तुटून खाली गेलेली. स्वच्छ दिवशी ही कडाच बघण्यासारखी: तांबड्या वालुकाश्माचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक, आणि खाली हिमनदीने कोरलेल्या दऱ्या. धुक्यात हाच माथा फसवतो, कारण सपाटीवर कुठून आलो ते कळत नाही आणि फलकाभोवती फोटोची रांग असते त्यामुळे सगळ्या दिशांना पाऊलवाटा दिसतात. वर पोचल्यावर पहिलं काम म्हणून परतीची दिशा होकायंत्रावर बघून ठेवा. लोकांच्या मागे चालत सुटू नका. ते दुसऱ्याच गाडीतळाकडे निघालेले असू शकतात.

कॉर्न दीच्या वायव्येच्या धारेवर, लिन कूम ल्लूख या तळ्याच्या वर, एक दगडी स्तंभ आहे. ऑगस्ट १९०० मध्ये टॉमी जोन्स नावाचा पाच वर्षांचा मुलगा आजोबांच्या शेताकडे जाताना संध्याकाळी वाट चुकला. शोध दरीत चालू राहिला, आणि तो कित्येक दिवसांनी सापडला तो इतक्या उंचावर, जिथे एवढंसं पोर चढेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पेन-अ-व्हानच्या नेहमीच्या वाटेवर तो स्तंभ लागत नाही. हवा चांगली असेल आणि तासभर हाताशी असेल तरच तिकडे वळा.

रॉसिली आणि वर्म्स हेड

गावर द्वीपकल्पाला १९५६ साली ब्रिटनमधलं पहिलं 'विशेष निसर्गसौंदर्याचं क्षेत्र' म्हणून मान्यता मिळाली. रॉसिलीच्या कड्यावर उभं राहिलं की ते का, हे विचारावं लागत नाही. स्वानसीहून बस जाते. कड्यावरची वाट सोपी, आजी-आजोबांनाही जमेल अशी. वाळूवर उतरायचं तर परतीचा चढ लक्षात ठेवा.

खरी खबरदारी लागते ती वर्म्स हेडला. समुद्रात शिरलेली ही खडकाळ जीभ भरतीच्या वेळी बेट होते. हाजी अलीचा रस्ता भरतीत पाण्याखाली जातो तसंच, फक्त इथे बांधलेला रस्ता नाही. शिंपले चिकटलेले, शेवाळलेले, वाकडेतिकडे खडक आहेत, आणि ते ओलांडायलाच पंधरा-वीस मिनिटं जातात. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक जास्तीत जास्त पाच मीटरांच्या घरात. ब्रिस्टलच्या खाडीत आत जाल तसा तो वाढत जातो आणि वरच्या टोकाला १४ मीटरांपर्यंत पोचतो. पाणी चढताना दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

नियम असा: ओहोटीच्या आधीचे अडीच तास आणि नंतरचे अडीच तास, एवढ्याच वेळात वाट मोकळी. ओहोटी दुपारी एकला असेल तर साडेदहा ते साडेतीन. साडेतीन ही पलीकडून निघायची वेळ नव्हे, रॉसिलीच्या बाजूला पाय टेकलेले असायची वेळ आहे. काही भरतीची कोष्टकं वर्षभर ग्रिनिच वेळेत छापलेली असतात. उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. रॉसिलीला सुरक्षित वेळा फलकावर लावतात, त्या वाचूनच पाऊल टाका. पलीकडे अडकलात तर पोहत येण्याचा विचारही करू नका. पुढची ओहोटी होईपर्यंत तिथेच उंचावर बसून राहा आणि तटरक्षकांना फोन करा.

शेतातून चालताना

वेल्समध्ये पायवाटा खाजगी शेतांतून, कधी घराच्या अंगणाजवळूनही जातात. खांबावर पिवळा बाण असेल तर ती चालणाऱ्यांसाठीची हक्काची वाट, निळा बाण असेल तर घोडे आणि सायकलींनाही मुभा. फाटक बंद असेल तर आपल्यामागे बंद करा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. शेतकऱ्याने ते कशासाठी तरी उघडं ठेवलेलं असतं. मार्च ते मे मेंढ्यांचा विण्याचा हंगाम. कोकरांबरोबर सेल्फी घ्यायला धावू नका, आई बिथरते आणि पिल्लू मागे राहतं. वासरं असलेल्या गाईंना तर लांबूनच वळसा.

आवडलं म्हणून तंबू ठोकायची सोय इथे नाही, जागेच्या मालकाची परवानगी लागते. शेगडी किंवा बार्बेक्यू डोंगरावर नकोच. सुकलेलं गवत आणि त्याखालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, एकदा पेटलं की दिवसेंदिवस धुमसतं. संत्र्याची साल, केळ्याची साल हाही कचराच. आणि ब्लूटूथ स्पीकर गाडीतच राहू दे. समोरून येणारा प्रत्येक जण "हॅलो" म्हणतो, त्याला उत्तर द्या.

गाडी चालवताना दोन गोष्टी. सप्टेंबर २०२३ पासून वेल्समधल्या वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे, इंग्लंडच्या सवयीने ३० ने शिरू नका. आणि एकपदरी रस्त्यावर 'पासिंग प्लेस' लिहिलेली जागा समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी असते, तिथे गाडी उभी करून डबा खायला बसायचं नाही.

काही बिनसलंच तर

९९९ किंवा ११२. डोंगरावर असाल तर आधी 'पोलीस' सांगा, मग 'माउंटन रेस्क्यू'. किनाऱ्यावर असाल तर 'कोस्टगार्ड'. डोंगरावर मदतीला येणारी माणसं स्वयंसेवक असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत, त्यामुळे बिल येईल म्हणून फोन करायला कचरू नका. रेंज अगदी कमी असेल तर बोलणं होत नाही, पण संदेश जातो. त्यासाठी नंबर आधी नोंदवावा लागतो: 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ ला एसएमएस करा, उत्तरात येणाऱ्या सूचना पाळा. हे आत्ता, घरी बसूनच करून टाका.

आई-बाबा आले असतील तर, आणि पुढचं

व्हिसावर दोन-तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांना उत्तरेतल्या एरेरी उद्यानात न्यायचा सगळ्यांचा विचार असतो. तिथलं अर विथ्वा हे १०८५ मीटरचं शिखर वेल्समधलं सर्वोच्च. स्नोडन हे त्याचंच इंग्रजी नाव. कार्डिफहून गाडीने चार तास तरी धरा, म्हणून मुक्काम करूनच जा. लानबेरिस गावातून १८९६ पासून डोंगरावर चढणारी छोटी रेल्वे आहे. ती हिवाळ्यात बंद असते, आणि जोराचा वारा असेल तर माथ्यापर्यंत जात नाही. तिकिटं बरीच आधी संपतात. चालत जाणाऱ्यांनी पेन-अ-पासच्या गाडीतळाची जागा आधी आरक्षित करावी किंवा गाडी खाली ठेवून डोंगराभोवती फिरणारी शेर्पा बस पकडावी. पहिल्या खेपेला लानबेरिसची वाट किंवा मायनर्स ट्रॅक घ्या. क्रिब गॉख या धारेकडे जाणारा फाटा पिग ट्रॅक या आणखी एका वाटेवरून फुटतो. तिथे दोन्ही बाजूंना खोल दरी आहे आणि हातांनी धरत चालावं लागतं. चुकून त्या फाट्यावर लागलात तर लगेच मागे या. नोव्हेंबर ते मार्च माथ्यावर बर्फ असेल तर क्रॅम्पॉन (बुटांना बांधायचे लोखंडी काटे) आणि आइस ॲक्स (बर्फातली कुदळ) वापरता येणाऱ्यांनीच वर जावं. बाकीच्यांनी लानबेरिसच्या तळ्याकाठी फिरावं. तिथूनही डोंगर छान दिसतो.